निरोपाचे सतरा केक

लॉक्सली ब्लँकेट मिलचा कोणालाही कामावरून काढण्याचा कसलाही बेत नव्हता, हे मी सुरुवातीलाच नमूद करून ठेवतो. बेत असता तर सरकारचे पैसे परत करावे लागले असते. पैसे परत केलेले नव्हते. त्याअर्थी बेत नव्हता. हा युक्तिवाद माझा नाही, कंपनीच्या वकिलाचा आहे. तो तासाला जे पैसे घेतो ते ऐकल्यावर त्यात खोट काढायची माझी छाती होत नाही.

मी ड्यूगल. मिलमधले माग बिघडले की दुरुस्त करतो आणि माणसं निवृत्त झाली की त्यांच्या चहाची सोय करतो. दुसरं काम जास्त मानाचं आहे. मिलच्या सोशल क्लबचा मी चिटणीस. क्लब दर आठवड्याला प्रत्येकाच्या पगारातून दोन डॉलर कापतो आणि त्यातून नाताळची पार्टी, आजाऱ्याला फुलं आणि जाणाऱ्याला निरोप, एवढं सगळं भागवतो. आमच्या ब्लेकी फोर्ड गावात, किंबहुना देशाच्या सगळ्या दक्षिण बेटावरच, माणसाला नोकरीवरून काढता येतं. पण सकाळच्या चहाला सगळ्यांना गोळा करून, सॉसेज रोल आणि नाव घातलेला केक पुढ्यात ठेवून, सगळ्यांच्या सह्यांचं कार्ड हातात दिल्याशिवाय काढता येत नाही. तसं केलं तर माणसं वर्षानुवर्षं नाव काढतात, आणि ते चांगल्या अर्थाने नाही.

महामारीच्या वर्षी देश बंद झाला तेव्हा सरकार म्हणालं, धंद्याला फटका बसला असेल तर पगाराचे पैसे आम्ही देतो, तुम्ही फक्त माणसं काढू नका. आमच्या धंद्याला तसा फटका बसला नव्हता. देश घरात बसला होता आणि घरात बसलेला माणूस ब्लँकेटच गुंडाळतो. पण फटका बसण्याची भीती होती, आणि अर्जात भीतीलाही जागा होती. मिलचा मॅनेजर ग्रॅहम टलोक याने ती जागा भरली. पैसे आले. आम्ही सरकारचे आभार मानले, ग्रॅहमने नवी गाडी घेतली, आणि सगळं सुरळीत झालं.

मग वसंतात रेडिओवर बातमी आली: ज्या कंपन्यांचा माणसं काढण्याचा बेत आहे, त्यांनी घेतलेली मदत परत करावी. ग्रॅहम तेव्हा नव्या गाडीत होता. गाडी रस्त्याच्या कडेला घेऊन तो बराच वेळ मेंढ्यांकडे बघत बसला, असं बघणारे सांगतात.

दुसऱ्या दिवशी त्याने मला आणि फिलिपाला केबिनमध्ये बोलावलं. फिलिपा आमच्या ‘लोक आणि संस्कृती’ विभागाची प्रमुख. विभागात लोक ती एकटीच होती आणि संस्कृती म्हणजे वाढदिवसांचा तक्ता.

“आपला काही बेत नाही,” ग्रॅहम म्हणाला.

“कसला?” फिलिपाने विचारलं.

“कसलाच नाही. वकील म्हणतो, ठरलेलं नसेल तर तो बेत नसतो. विचार असतो.”

“मग विचार तरी आहे का?”

“माझं मन मोकळं आहे, फिलिपा. कायद्याने ते मोकळं ठेवावं लागतं. गेले कित्येक दिवस मी त्यात काहीएक येऊ दिलेलं नाही.”

हे मात्र खरं होतं. आमचा कायदा मोठा सुसंस्कृत आहे. माणसाला काढण्याआधी मालकाने नुसता प्रस्ताव मांडायचा, माणसाचं म्हणणं ऐकून घ्यायचं आणि ऐकून होईपर्यंत मन मोकळं ठेवायचं. ऐकून झालं की मग काढायचं. त्यामुळे आमच्याकडची सगळी माणसं मोकळ्या मनाने काढलेली असतात.

त्या दिवसापासून मिलमध्ये कुठलीही गोष्ट आधी ठरवायला बंदी झाली. भिंतीवरचे उत्पादनाचे तक्ते उतरले. सुट्ट्यांचं कॅलेंडर उतरलं. उपाहारगृहात बुधवारी कुठलं सूप, हे बुधवारीच ठरू लागलं. शेवटी वकिलाची नजर जिन्याजवळच्या पाटीवर गेली. त्यावर लिहिलं होतं की आग लागल्यास सर्व कर्मचाऱ्यांनी शांतपणे, रांगेने, सामान न घेता इमारतीबाहेर पडावे. वकील म्हणाला, सर्व कर्मचाऱ्यांना बाहेर काढण्याचा हा तर तपशीलवार बेत आहे, आणि तोही लेखी. पाटी उतरवली. आता आग लागली तर प्रत्येकाने मोकळ्या मनाने काय ते बघायचं.

एवढी खबरदारी घेऊनही घात झाला, तो फिलिपाच्या चांगुलपणामुळे. ग्रॅहमच्या मोकळ्या मनात किती माणसं बसत नाहीत, हे तिला माहीत होतं. सतरा. त्यांच्या नोकऱ्या जाणार याने तिला वाईट वाटत होतंच, पण तिची झोप उडाली होती ती केकच्या काळजीने. कारण कृषी प्रदर्शनाचा हंगाम तोंडावर आला होता. प्रदर्शनाच्या दिवसांत गावातली एकमेव बेकरी चालवणाऱ्या चांथूकडे साधा पावही आगाऊ सांगितल्याशिवाय मिळत नाही. चांथू मूळची कंबोडियाची. तिच्या हातचा खिमा-चीजचा ‘पाय’, म्हणजे सारण भरून भाजलेली मोठी कचोरीच म्हणा, खायला लोक दोन गावं ओलांडून येतात. सतरा माणसांना केकशिवाय निरोप द्यावा लागला तर तोंड कुठे दाखवायचं, या विचाराने फिलिपा कासावीस झाली आणि तिने गुपचूप सतरा केक सांगून टाकले. नावं घालून.

पुढचं मला चांथूने सांगितलं. दुपारच्या सुट्टीत लोसा ‘पाय’ विकत घ्यायला बेकरीत गेली. लोसा आमच्याकडे ब्लँकेटच्या कडेची सॅटिनची पट्टी शिवते. सामोआहून आली तेव्हा वेणीत रिबन होती म्हणतात, आता मुलगी कॉलेजात आहे. तिची शिवण इतकी सरळ असते की आम्ही मागाची चौकट सरळ आहे की नाही ते तिच्या ब्लँकेटवर ठेवून बघतो. तर ही लोसा काउंटरशी उभी असताना तिला काचेच्या कपाटात एक केक दिसला. पिवळंधमक पॅशनफ्रूटचं आयसिंग, आणि वर: ‘लोसा, पुढच्या वाटचालीस शुभेच्छा!’

“हा कुणाचा गं?” लोसाने विचारलं.

“तुझाच की. मिलमधून सांगितलाय.”

“माझा वाढदिवस मार्चमध्ये असतो.”

“वाढदिवसाला ‘पुढच्या वाटचालीस’ कशाला लिहीन मी?” चांथू म्हणाली, आणि मग तिच्या लक्षात आलं. “अगं बाई. तुला अजून सांगितलं नाही वाटतं?”

लोसाने ‘पाय’ची पिशवी तशीच काउंटरवर ठेवली आणि तडक माझ्याकडे आली. तिला पुढच्या शुक्रवारी बँकेत जायचं होतं. नदीकाठचं जे घर ती इतकी वर्षं भाड्याने राहून रंगवत होती, डागडुजी करत होती, ते मालक विकायला निघाला होता आणि पहिला हक्क त्याने तिला दिला होता. बँकेला एकच गोष्ट हवी होती. बाईची नोकरी पक्की आहे की नाही.

“ड्यूगल, माझ्याबरोबर ग्रॅहमकडे चल,” ती म्हणाली.

आमच्या कायद्याने अशा बैठकीला कामगाराला आधारासाठी एक माणूस बरोबर नेता येतो. मी आधार म्हणून गेलो. आम्हाला बघून ग्रॅहमचा चेहरा उतरला आणि त्याने स्वतःच्या आधारासाठी फिलिपाला बोलावून घेतलं.

“ग्रॅहम, एकच विचारते,” लोसा म्हणाली. आमच्याकडे साहेबाला साहेब म्हणत नाहीत. नावाने हाक मारतात, अरे-तुरे करतात, आणि मग तो सांगेल तसं वागतात. “माझी नोकरी आहे का नाही?”

“लोसा, हा काळ माझ्यासाठी फार कठीण आहे.”

“हो रे बाबा. पण नोकरी?”

“मला रात्र रात्र झोप लागत नाही. फिलिपाला विचार.”

“खरंच लागत नाही त्याला,” फिलिपा म्हणाली.

“माझ्या नावाचा केक आहे बेकरीत!”

“तो मी पाहिलेला नाही,” ग्रॅहम म्हणाला, “आणि पाहिला तरी मोकळ्या मनाने पाहीन.” एवढं बोलून त्याचे डोळे भरून आले. फिलिपाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मी पाण्याचा पेला पुढे केला. शेवटी लोसानेच त्याला म्हटलं, “जाऊ दे, रडू नको,” आणि आम्ही बाहेर आलो. बाहेर आल्यावर तिच्या लक्षात आलं की उत्तर मिळालंच नाही.

आता केकचे पैसे कोण देणार हे विचारायला चांथूने मिलला फोन केला. ग्रॅहमने सांगितलं, असे कुठलेही केक अस्तित्वात नाहीत. अस्तित्वात नसलेल्या सतरा केकांनी चांथूचा फ्रीजर अडवून ठेवला होता आणि प्रदर्शनासाठीचे खिम्याचे ‘पाय’ ठेवायला तिला जागा नव्हती. वैतागून तिने राजधानीत, वेतनसाहाय्य खात्यालाच फोन लावला आणि विचारलं, “मिलचे पगार तुम्ही देता ना? मग हे तुमचे केक कधी नेता?”

खात्याने नायरी नावाची तपासनीस पाठवली. नायरी विमानाने आली, गाडी भाड्याने घेऊन आली आणि सरळ बेकरीच्या फ्रीजरपाशी गेली. तिने सतराही केक वाचले, त्यांचे फोटो काढले, फ्रीजरला खात्याची पट्टी चिकटवली आणि मिलमध्ये येऊन ग्रॅहमसमोर बसली. तो तिला ‘तुम्ही’ म्हणू लागला तेव्हा ती म्हणाली, “तू म्हण रे, आपण काय कोर्टात आहोत? अजून नाही.”

ग्रॅहमने चहाचा पेला खाली ठेवला.

“केक कशासाठी?” तिने विचारलं.

“कौतुकासाठी.”

“‘पुढच्या वाटचालीस शुभेच्छा’?”

“हो. म्हणजे…” ग्रॅहमने छताकडे पाहिलं. छतावर वकील नव्हता. “बढतीसाठी! या सतरा जणांना बढती मिळणार आहे. म्हणजे मिळणार आहे असा बेत नाही. मिळाली. आत्ताच.”

“सतरा जणांना एकदम?”

“गुणी माणसं आहेत.”

नायरीने ते लिहून घेतलं. म्हणाली, “छान. मग पुढच्या खेपेला त्यांच्या नव्या जागा बघेन.”

झालं. नवी जागा दाखवायची तर ती असायला हवी. फिलिपाने दोन दिवस बसून सतरा पदं निर्माण केली. रंगखात्यातला म्हातारा बिल ‘रंग-दूरदृष्टी प्रमुख’ झाला. गठ्ठे बांधणाऱ्या दोघी ‘बंधन-धोरण सल्लागार’ झाल्या. लोसा ‘कडा विभाग संचालक (दक्षिण)’ झाली.

“उत्तर कुठे आहे?” लोसाने विचारलं.

“त्याचा अजून बेत नाही,” फिलिपा म्हणाली.

“पगार?”

“पगार पूर्वीचाच. पण दारावर पाटी मिळेल.”

“मला दारच नाही.”

तेही करण्यात आलं. चहाच्या खोलीला पाटी लावून तिथे सतराही संचालकांना बसवलं. लोसा पहिल्याच दिवशी उठून शिवणयंत्राकडे निघाली, तर विमा कंपनीचं पत्र आडवं आलं. संचालक दर्जाच्या व्यक्तीने चालू यंत्राला हात लावल्यास विमा रद्द. म्हातारा बिल खिडकीत उभा राहून आपल्या हौदांकडे बघत असे आणि रंग चुकला की काचेवर टकटक करत असे. काचेवर टकटक करायला विम्याची हरकत नव्हती.

लोसा शुक्रवारी बँकेत जाऊन आली. बँकेतल्या पोराने संचालकपदाबद्दल तिचं अभिनंदन केलं, खुर्ची दिली आणि खात्री करायला ग्रॅहमला फोन लावला. ग्रॅहम म्हणाला, “बाई उत्तम आहे. पण पुढच्या महिन्याबद्दल मी काहीच बोलू शकत नाही. काही बोललो की तो बेत होतो.” बँकेने फाइल बाजूला ठेवली. घरमालक म्हणाला, महिनाअखेरपर्यंत थांबतो, पुढे माझाही नाइलाज आहे.

इकडे कडा शिवायला कुणी उरलं नाही. रंगाला कुणी नाही, गठ्ठ्यांना कुणी नाही. माग चालत होते, कारण मागांना बढती मिळाली नव्हती. पण बिनकडेची ब्लँकेटं दुकानदार परत पाठवू लागले. घोंगडं भिजत पडलं असं म्हणतात. आमची घोंगडी कोरडीठाक होती, तरी गोदामात छताला टेकेपर्यंत पडून राहिली. विक्री कोसळली.

मला वाटलं ग्रॅहम डोक्याला हात लावून बसला असेल. बघतो तर स्वारी शीळ घालत होती.

“ड्यूगल, फटका बसला!” तो म्हणाला.

“दिसतंय.”

“अरे, खराखुरा फटका! गेल्या वेळी नुसती भीती होती. मदतीचा दुसरा हप्ता आहे ना, तो ज्यांचा धंदा कोसळलाय त्यांच्यासाठीच आहे. आपण पात्र झालो, गड्या.”

“म्हणजे जितकं कमी विणू तितके जास्त पात्र?”

“असं नको बोलू. तो बेत वाटतो.”

दुसरा हप्ता आला आणि गावाचा तोल सुटला. ब्लेकी फोर्डचे लोक तसे सोशीक. पूर आला तर बूट चढवतात, भूकंप झाला तर कपबश्या मोजतात. पण हे जरा जास्तच होतं. दुकानांच्या काचांवर कागद लागले: ‘मिलने पैसे परत करावेत!’ औषधवाल्याने लावला, पबने लावला, रग्बी क्लबने तर चादरीवर रंगवून कुंपणाला बांधला. चादर बाहेरदेशची होती. मिलची ब्लँकेटं चांगली पण महाग, असं क्लबच्या अध्यक्षाचं मत आहे. माझ्याही घरी नाही आहेत.

नायरीने जाहीर सभा बोलावली. सार्वजनिक सभागृहात, संध्याकाळी, आणि आमच्याकडच्या कुठल्याही सूचनेखाली असतं तसं त्याही सूचनेखाली होतं: प्रत्येकाने एक ताटली भरून काहीतरी आणावे. पण नेमकं दुसऱ्या दिवशी कृषी प्रदर्शन होतं. गावातल्या प्रत्येक घरात ओव्हन तापलेला होता आणि त्यातून निघणारी प्रत्येक चीज परीक्षकांसाठी राखून ठेवलेली होती. दुसरे आणतील या भरवशावर सगळे हात हलवत आले. भरलेली ताटली एकट्या लोसाने आणली. नारळाच्या दुधात भिजवून भाजलेले गोड पाव, पानीपोपो. ते नायरी माइक नीट करेपर्यंत संपले, आणि लोसाने रिकामी ताटली मांडीवर घेतली.

पुरावा म्हणून खात्याची पट्टी तोडून सतरा केक व्यासपीठावर मांडले होते. सभागृहातली शेगडी नेहमीप्रमाणे बिघडलेली. दक्षिण ध्रुवाकडून गार वारा येत होता, पोटात भूक होती, आणि फ्रीजरमधून काढलेले केक हळूहळू मऊ पडायला लागले होते. पॅशनफ्रूटचा वास पहिल्या रांगेपर्यंत पोचला. मग पाचव्या. औषधवाला पैसे परत करण्यावर फार तळमळीने बोलत होता, पण त्याचंही लक्ष केकवर होतं.

“माझी एक सूचना आहे,” ग्रॅहम उठून म्हणाला. “हा निरोपाचा केक की कौतुकाचा, हे नुसतं बघून कसं कळणार? चव बघायला हवी.”

नायरीने क्षणभर नियम आठवून पाहिला. पुरावा खाऊ नये, असं कुठेच लिहिलेलं नव्हतं.

पहिला बिलचा कापला. मग दोघी धोरण-सल्लागारांचे. मग कुणी मोजलं नाही. नायरीने आधी नको म्हटलं, कारण तपासनीसाला भेट घेता येत नाही. मग तिने एक तुकडा ‘अल्पमूल्य भेट’ म्हणून फोनवर नोंदवला आणि खाल्ला. मग दुसरा नोंदवला. लोसाचा केक सगळ्यांत आधी संपला, कारण चांथूचं पॅशनफ्रूटचं आयसिंग म्हणजे काय सांगावं. ‘शुभेच्छा’ मला मिळालं. ‘लोसा’ कुणाला गेलं ते पाहिलं नाही.

बोटं पुसून नायरीने निकाल सांगितला. सादर झालेला पुरावा उपलब्ध राहिला नसल्याने कंपनीचा बेत होता किंवा नव्हता याबाबत खात्याला मत बनवता येत नाही. मात्र जनभावना तीव्र आहे, याची नोंद घेण्यात येत आहे.

“परत करा!” मागून कुणीतरी भरल्या तोंडाने ओरडलं. “पैसे परत करा!” सगळं सभागृह पाय आपटू लागलं.

ग्रॅहम व्यासपीठावर आला. त्याचे डोळे पुन्हा भरले होते. “मित्रांनो, तुमचा आवाज मी मोकळ्या मनाने ऐकला. लॉक्सली मिल घेतलेली मदत परत करेल. स्वखुशीने. दोन्ही हप्ते.”

काय टाळ्या पडल्या म्हणून सांगू! अनोळखी माणसं एकमेकांना मिठ्या मारत होती. औषधवाल्याने डोळे टिपले. रग्बी क्लबच्या अध्यक्षाने ग्रॅहमच्या पाठीवर अशी थाप मारली की तो दोन पावलं पुढे गेला.

“अर्थात,” टाळ्या ओसरल्यावर ग्रॅहम म्हणाला, “एवढी रक्कम परत करायची म्हणजे खर्च कमी करावा लागेल. आमच्याकडे संचालक फार झालेत. सतरा. एका ब्लँकेट मिलला सतरा संचालक शोभत नाहीत, हे तुम्हीही मान्य कराल. ती पदं आजपासून राहणार नाहीत. हा बेत नव्हता हं. हा परतफेडीचा परिणाम आहे.”

नायरीने मान डोलावली. परिणामाला नियम लागू होत नाही. नियम फक्त बेताला आहे. पुन्हा टाळ्या पडल्या, मगाचपेक्षा थोड्या कमी, पण टाळ्याच.

तेव्हा लोसा उठली. आवाज चढवला नाही. रिकामी ताटली दोन्ही हातांत धरून म्हणाली, “पैसे परत करा म्हणालात. छान केलंत. एक विचारू? एवढ्या दिवसांत, एवढ्या कागदांवर, एवढ्या घोषणांत, लोसाला ठेवा असं कुणी म्हणालं का? मला नाही ठेवलं तर नाही, निदान बिलला ठेवा? कुणीतरी?”

जो तो हातातला तुकडा तोंडात टाकू लागला. तिने एकेकाच्या चेहऱ्याकडे पाहिलं, माझ्याकडेही पाहिलं, आणि मग ती ताटली घेऊन निघून गेली. मला फार वाईट वाटलं. तसं मी शेजारच्याला म्हटलंही.

पुढचं थोडक्यात. नदीकाठचं घर एका शहरी जोडप्याने सुट्टीसाठी घेतलं. मिलमध्ये निरोपाचा चहा झाला नाही. वकील म्हणाला, निरोप दिलात तर तुम्ही काढलंत असं होईल; पदं गेली आहेत, माणसं नाहीत. त्यामुळे खात्याच्या दप्तरी आमच्या मिलने एकही माणूस काढलेला नाही. लोसा लेकीकडे निघण्याआधी माझ्याकडे आली होती. इतकी वर्षं दर आठवड्याला क्लबला दोन डॉलर दिले, दुसऱ्यांच्या केकला दिले, माझा झाला नाही तर त्याचे तेवढे परत दे, म्हणाली. मी क्लबची घटना उघडून दाखवली. निरोपाचा लाभ फक्त निरोप दिलेल्या सभासदाला. तिला निरोप दिलेला नव्हता. शिवाय तिचा केक झाला होता, आणि तो खाल्लाही गेला होता. नियम म्हणजे नियम. ती हसली आणि म्हणाली, “ठीक आहे ड्यूगल, क्लब सांभाळ.”

आता तुम्ही मला नावं ठेवाल. म्हणाल, एवढं भरलेलं सभागृह, आणि एकाच्याही तोंडून शब्द फुटला नाही? सगळे मिठाची गुळणी धरून बसलात? नाही हो, आमची गुळणी गोड होती. आणि तुम्ही तरी कशाला लांबून बोलता? पहिल्या ओळीपासून तुम्हीही पैसे परत येतात की नाही तेवढंच बघत होतात. या, बसा. केक अजून थोडा उरलाय.